दोनशे चौदा मतांचा शब्द

केदार वर्तकच्या टकलावर पाण्याचा पहिला थेंब पडला तेव्हा तो हिकरी बेंड शाळेच्या हॉलमध्ये बसून शेजारच्या माणसाला त्याच शाळेची स्तुती ऐकवत होता. "रेटिंग दहापैकी नऊ आहे. म्हणून तर घर इथं घेतलं," तो सांगत होता. दुसरा थेंब चष्म्याच्या काचेवर पडला. समोर स्टेजवर तिसरीची मुलं, त्यांत केदारची अनया, बर्फ वितळण्याबद्दलचं गाणं म्हणत होती. शाळेचा सफाईवाला सवयीच्या हाताने मधल्या वाटेत एक पिवळी बादली ठेवून गेला. कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

केदारला मात्र तो थेंब जिव्हारी लागला. डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीत गाडीच्या दारांतून पाणी आत शिरू नये, हे पाहण्याचं काम तो चौदा वर्षं करत होता. पाण्याला अडवून त्याने हे घर घेतलं होतं, आणि तेच पाणी आता त्याच्याच पोरीच्या शाळेत राजरोस टपकत होतं.

गाणं संपल्यावर गावच्या सगळ्या शाळांच्या मुख्याधिकारी बाईंनी माईक हातात घेतला आणि परिस्थिती सांगितली. शाळा चालवायचे पैसे राज्य देतं, दर मुलामागे ठरलेले. पण इमारतीचं छप्पर गळलं तर ते गावाने आपल्या घरपट्टीतून नीट करायचं, आणि घरपट्टी वाढवायची की नाही हे गावाने मत देऊन ठरवायचं. त्यासाठीच्या कर्जाला बाँड म्हणतात. मतदान मेच्या पहिल्या मंगळवारी. बाँड पास झाला तर नवं छप्पर, नवे बॉयलर. नाही झाला तर हिकरी बेंड कायमची बंद, आणि मुलं सहा मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत, बसने.

"त्या शाळेचं रेटिंग किती आहे?" केदारने बायकोला, सुलेखाला विचारलं. ती आधीच फोनवर बघत होती.

"सात."

केदारला गरगरल्यासारखं झालं. खरं तर हिकरी बेंडचं नऊ आलं होतं मुलांच्या गणिताच्या मार्कांवरून, आणि त्या मार्कांत शाळेपेक्षा शनिवारच्या शिकवण्यांचाच वाटा जास्त होता. हे त्याला माहीत होतं, कारण शिकवणीचे पैसे तोच भरत होता. पण सात म्हणजे सात.

पुढच्याच आठवड्यात तो शाळा मंडळाच्या सभेला जाऊन थडकला. मंडळ म्हणजे गावाने निवडून दिलेली सात माणसं. त्यांत एक दंतवैद्य होता, एक टायरच्या दुकानाचा मालक होता, एक निवृत्त ग्रंथपाल होती. जनतेला बोलायला माणशी तीन मिनिटं मिळत. केदारने गळतीवर सत्तेचाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन करून नेलं होतं. चौथ्या स्लाइडवर, पाण्याच्या थेंबाचा वेग काढण्याचं सूत्र समजावत असतानाच घंटी वाजली. तरीही त्याचा उत्साह पाहून डेब नोवाक नावाच्या बाईंनी त्याला दारातच गाठलं. शाळा मंडळाला स्वतः प्रचार करता येत नसे, म्हणून पालकांनी वेगळी समिती केली होती, आणि डेब तिची प्रमुख होती.

"तुमच्या कम्युनिटीची किती मतं मिळतील?" तिने इंग्रजीत विचारलं.

इथे एखादा स्थानिक माणूस "बघू या, प्रयत्न करतो" असं काहीतरी म्हणाला असता. केदार इंजिनियर होता. त्याने उभ्या उभ्या मराठी मंडळाच्या पालकांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला: 'शाळेच्या बाँडला तुमचा पाठिंबा आहे का?' ज्या मंडळात दिवाळीच्या जेवणाला श्रीखंड की बासुंदी यावर दोन महिने खल चालत असे, तिथे तासाभरात दोनशे चौदा जणांनी हो म्हटलं. नाही म्हणणारा एकही नव्हता.

"टू हंड्रेड फोर्टीन," केदारने डेबला फोन करून कळवलं.

डेबच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तीच म्हणाली. मेच्या मतदानाला गावातली जेमतेम चौथाई माणसं बाहेर पडतात, तिथे दोनशे चौदा म्हणजे घबाडच होतं. तिने नकाशा काढला आणि जिथे मराठी घरं जास्त होती अशा तीन वसाहतींवर जाड रेघ मारली. "तिथं दारोदार जायला नको. तिकडचं केदार बघतोय." स्वयंसेवकांना तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं. केदार त्या संध्याकाळी घरी आला तो थोडा छाती पुढे काढूनच.

मतदानाला दहा दिवस उरले तेव्हा त्याने कोण, कधी, कुणाच्या गाडीतून मतदानाला जाणार याची शीट बनवून सगळ्यांना पाठवली. पाच मिनिटांत प्रसादचा फोन आला. प्रसाद त्याच्या पलीकडच्या गल्लीत राहायचा.

"केदार, तू मला मंगळवारी सकाळी आठला कुठंतरी टाकलंयस."

"हो, ऑफिसच्या आधी उरकून टाक ना."

"काय उरकू?"

"मत."

"अरे यार, मी एच-वन व्हिसावर आहे! ग्रीन कार्डच्या रांगेत दोन हजार चौदापासून उभा आहे. मला मत मिळेल तेव्हा माझी सावनी त्या शाळेची प्रिन्सिपॉल असेल."

"मग तू हो कशाला म्हणालास?"

"तू विचारलंस पाठिंबा आहे का. आहे की! मनापासून आहे."

परदेशी नागरिकाला मत नसतं हे केदारला माहीत नव्हतं असं नाही. बारा वर्षं तो स्वतः त्याच रांगेत उभा होता, आणि रोज उठून ती रांग कितीशी पुढे सरकली ते बघत होता. पण दीड वर्षापूर्वी हात वर करून शपथ घेतली, छोटा झेंडा मिळाला आणि गडी सगळं विसरून गेला. शिवाय त्यांच्यात 'तुझं ग्रीन कार्ड कुठवर आलं?' असं कुणाला विचारत नसत. ते पगार विचारण्याइतकंच वाईट दिसायचं. त्यामुळे दोनशे चौदा माणसांपैकी मतदार किती, हा एकच प्रश्न त्याने कुणालाही विचारला नव्हता.

आता विचारणं भाग होतं. शनिवार-रविवार त्याने फोन फिरवले. कुणी एच-वनवर, कुणी नुकतंच ग्रीन कार्ड हातात पडलेलं, एक जण तर आईवडिलांच्या फोनवरूनही हो म्हणाला होता आणि आईवडील टूरिस्ट होते. खुद्द सुलेखाचीही शपथ अजून व्हायची होती. रविवारी दुपारी हिशोब लागला.

"किती निघाले?" सुलेखाने विचारलं.

"तीन."

"तीनच? कोण कोण?"

"कुलकर्णी नवरा-बायको," केदार म्हणाला, "आणि मी."

एवढ्यात विनयचा फोन आला. विनय नागपूरचा, येऊन दोन वर्षं झालेली, आणि मंडळात खुर्च्या उचलण्यापासून सगळ्यात पुढे. "दादा, टेन्शन नका घेऊ ना. लायसन्स दाखवलं की मत टाकू देतात म्हणे. मी सकाळीच जाऊन येतो. अजून चारपाच पोरांना पण घेऊन जातो."

मताधिकार नसताना मत देणं हा गुन्हा. पकडला गेला तर शाळा राहील बाजूला, पोरगं थेट परतीच्या विमानात. "विनय, पाय बाहेर टाकू नकोस!" तो ओरडला. पण असे अजून किती विनय असतील? त्याने घाईघाईने संदेश लिहिला, आणि कुणी सुटू नये म्हणून पालकांच्या ग्रुपऐवजी मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर टाकला:

'अत्यंत महत्त्वाचे!!! मंगळवारी कृपया कोणीही मतदानाला जाऊ नये. गेल्यास गंभीर परिणाम होतील. – केदार वर्तक'

'ज्यांना मताधिकार नाही त्यांनी' हे शब्द त्याच्या मनात होते. मनातच राहिले.

मोठ्या ग्रुपवर मंडळाची ज्येष्ठ मंडळी होती. सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर, इंजिनियर, आता निवृत्त. पंचेचाळीस एक माणसं, एकूण एक नागरिक, एकूण एक मतदार. त्यांची मुलं केव्हाच शिकून बॉस्टन-सिअॅटलला गेली होती. घरपट्टी वाढणार म्हटल्यावर हे लोक काही हो म्हणायचे नाहीत, असं गृहीत धरून केदारने त्यांना बाँडबद्दल चकार शब्दाने विचारलं नव्हतं. त्याच्याकडून त्यांना आलेला हा पहिला आणि एकमेव निरोप.

पहिलं उत्तर डॉक्टर गुरुनाथ काकांचं आलं: 'ही धमकी समजायची का?' मग वीणा काकू: 'आम्ही अठ्ठेचाळीस वर्षं या देशात मत देतोय. तू कोण आम्हाला अडवणारा?' केदार खुलासा टाईप करेपर्यंत कुणीतरी तो संदेश भाषांतराच्या अॅपमधून काढून अमेरिकन शेजाऱ्याला दाखवला होता. तिथून तो गावाच्या फेसबुक पानावर गेला. चारच्या सुमारास डेबचा फोन आला.

"केदार," तिचा आवाज फार हळू होता, "तुमचे लोक बहिष्कार टाकतायत असं ऐकलं. आमचं काही चुकलं का?"

केदारने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडे मतं आहेत थर्टी?"

"नो," केदार म्हणाला, "थ्री."

त्या तीन वसाहतींत सहाशे घरं होती आणि केदारच्या शब्दावर तिथे एकाही माणसाने पाय ठेवला नव्हता. डेब ओरडली असती तर केदारला बरं वाटलं असतं. ती फक्त "ओके" म्हणाली, आणि मग पुन्हा एकदा "ओके." केदारला आपली इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पोरीची शाळा वाचवायला निघालेला बाप आता शाळेच्या मुळावर उठला होता.

"गुरुनाथ काकांकडे जा," सुलेखा म्हणाली.

"ते मला घरात घेणार नाहीत."

"मग दारात उभं राहून माफी माग. दार त्यांचंच आहे, चालेल."

काकांनी घरात घेतलं. ऐंशी वर्षांचा हा माणूस एके काळी जिल्ह्यातला नावाजलेला हृदयरोगतज्ज्ञ होता आणि समोरच्याचा हात हातात घेतला की अजूनही नकळत नाडी बघायचा.

"एकशे दहा," ते म्हणाले. "बस. पाणी पी. आता सांग, गंभीर परिणाम कुठले?"

केदारने पहिल्या थेंबापासून सगळं सांगितलं. काका मध्ये एकदाही हसले नाहीत, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"काका, प्लीज, तुम्ही सगळ्यांनी मंगळवारी मतदानाला जा."

"नाही जाणार."

"काका, मी चुकलो. माझ्यावरचा राग शाळेवर—"

"अरे, टपालाने टाकून तीन आठवडे झाले! आमच्या वयाची माणसं रांगेत उभी राहतात होय? तुझी ती शीट बनायच्या आणि तुझी धमकी यायच्या आधीच आमचं सगळ्यांचं उरकलंय."

केदारला हायसं वाटलं, आणि लगेच नव्याने धडकी भरली. "मग... कुठल्या बाजूने दिलंत?"

"मत गुप्त असतं," काका म्हणाले. "शपथेच्या वेळी शिकवलं नाही तुला?"

काका उठले, खिडकीशी गेले, परत आले. "या गावात शाळेत मूल असलेली घरं किती आहेत? चारातलं एक. उरलेल्या तीन घरांच्या जिवावर बाँड पास होतो. तू काय केलंस? ज्यांना मत नाही त्यांना विचारत फिरलास, आणि ज्यांना आहे त्यांना विचारायचंच राहिलं."

"मला वाटलं, तुम्ही नाहीच म्हणाल."

"नाही म्हणायला तरी विचारायचंस की!" आता काकांचा आवाज चढला, आणि त्यांना खरंच वाईट वाटलंय हे केदारला तेव्हा कळलं. "बरं, ते असू दे. तुझे ते दोनशे अकरा. त्यांना मत नाही. पाय आहेत ना?"

डेबने वकिलाला विचारून घेतलं. मत नसलेल्या माणसाला फिरायला, बोलायला, दार वाजवायला हरकत नव्हती. फक्त पैशाचा संबंध नको. केदारने नवा संदेश लिहिला, सुलेखाने तो दोनदा तपासला, आणि त्यानंतरच तो गेला. सोमवारी संध्याकाळी हिकरी बेंडच्या पार्किंगमध्ये ऐंशी माणसं उभी होती. मंगळवारी एकशे वीस. विनयने सगळ्यांना नकाशे वाटले. मतदानाला अजून पुरता आठवडा होता.

सुरुवातीला सगळाच गोंधळ होता. दोघं जण सवयीने अंगणातच बूट काढून मोज्यांवर दारात उभे राहिले, आणि त्या घरातल्या म्हातारबुवांनी त्यांना कुठल्याशा धर्मपंथाचे प्रचारक समजून दार लावून घेतलं. कुणी घरपट्टीच्या वाढीचा आलेख आणला होता, कुणी व्याजाची कोष्टकं. केदारने अर्थातच छपराचा उभा छेद कागदावर काढून आणला होता. कुणीही ऐकून घेईना.

मग एका दारात प्रसादचं भाषणच बंद पडलं. पुढचं आठवेना. समोर काठी टेकून एक आजीबाई उभ्या होत्या. "मॅम," तो म्हणाला, "माझी मुलगी त्या शाळेत आहे. मला मत देता येत नाही. म्हणून तुमचं मागायला आलोय."

आजीबाईंनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "टॅक्स भरतोस?"

"अकरा वर्षं."

"आणि मत नाही?"

"नाही, मॅम."

"हे काही बरोबर नाही," असं म्हणून त्यांनी चष्मा शोधला आणि मतदानाची तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली. दुसऱ्या दिवसापासून आलेख, कोष्टकं, छेद सगळं गाडीत राहिलं. दोनशे माणसं दारोदार जाऊन तीच तीन वाक्यं बोलू लागली. हे बोलायला त्यांना पाठांतर लागत नव्हतं.

मतदानाच्या मंगळवारी केदारने आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत दिलं. कागदावरचा गोल काळा करताना त्याचा हात इतका जपून चालला होता की टेबलावरच्या बाईंनी सगळं ठीक आहे ना असं दोनदा विचारलं. बाहेर प्रसाद, विनय आणि इतर वीसेक जण नियमाने ठरलेल्या अंतरावर, रस्त्यापलीकडे फलक धरून उभे होते. केदारच्या शर्टावर मत दिल्याचा स्टिकर होता. त्यांच्यासमोरून जाताना त्याला तो मिरवावासा वाटेना. त्याने तो हळूच काढून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला. बाँड एकोणसाठ मतांनी पास झाला होता. डेब रडली, सुलेखा रडली, विनयने परस्पर पेढ्यांची ऑर्डर दिली. डेबने शाळा मंडळाच्या सभेत केदारचे जाहीर आभार मानले, टाळ्या झाल्या, आणि त्याला पुन्हा एकदा छाती पुढे काढावीशी वाटली. मग मुख्याधिकारी बाईंनी कामाचं वेळापत्रक पडद्यावर लावलं.

छप्पर पूर्ण उतरवायचं होतं. बॉयलर बदलायचे, भिंती उघडायच्या. काम जूनमध्ये सुरू होऊन दोन वर्षं चालणार होतं. तोवर हिकरी बेंडची सगळी मुलं सहा मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत जाणार होती. बसने.

केदारने बोटांवर मोजलं. अनया आता तिसरीत. चौथी तिकडे, पाचवी तिकडे. सहावीला मिडल स्कूल, म्हणजे वेगळीच इमारत.

"म्हणजे," सुलेखा त्याच्या कानात म्हणाली, "बाँड पडला असता तर तिला बसने पाठवायला लागलं असतं. आणि पास झाला म्हणून आता बसने पाठवायचं."

"वेट, बस? एव्हरी डे?" अनया खुर्चीत उभीच राहिली. "विथ सावनी? येस्स!"

घरी येऊन केदारने गुरुनाथ काकांना फोन लावला. दुसरं कुणी हसल्याशिवाय ऐकून घेईल अशी त्याला खात्री नव्हती. काका मात्र पोट धरून हसले, मिनिटभर हसले.

"कर्ज किती वर्षांचं आहे रे?"

"वीस."

"आणि पोरगी त्या छपराखाली किती दिवस बसणार?"

"एकही नाही."

"माझ्या धाकट्याच्या वेळी सायन्स लॅबचा बाँड होता," काका म्हणाले. "उद्घाटन झालं तेव्हा तो कॉलेजला जाऊन वर्ष झालं होतं. अभिनंदन, केदार. सिटिझन तू मागेच झालास, गावकरी आज झालास."

केदारने फोन खाली ठेवला. सुलेखा ओट्याशी उभी राहून त्याच्याकडेच बघत होती.

"काय म्हणाले काका?"

"अभिनंदन म्हणाले."

"कशाबद्दल?"

केदारने जरा विचार केला. "घरपट्टीबद्दल," तो म्हणाला.